उसनी वीज

आमचं वीजकेंद्र राखीव. उन्हाळ्यात इराकमधल्या बसरा शहराची विजेची मागणी शिगेला पोचली की चालवायचं, एरवी नुसतं तयार ठेवायचं. तयार ठेवायलाही आणि सुरू करायलाही वीज लागते, आणि ती बाहेरून येते. जे केंद्र नुसतं खातं त्याचीच वीज भारनियमनात आधी तोडावी, हे वरच्या कचेरीत कुणाला सुचलं कोण जाणे. वीज गेली की टर्बाइनचा अवजड आस वाकू नये म्हणून आम्ही पहार लावून तो हातानं फिरवायचो. त्या कामासाठीच्या बॅटऱ्या उकाड्यात केव्हाच मेल्या होत्या.

ऑगस्टातल्या एका दुपारी वरून फोन आला, केंद्र सुरू करा. आमचा पाळीप्रमुख नईम म्हणाला, "करतो, पण आधी आम्हाला वीज सोडा."

"वीज असती तर तुला कशाला फोन केला असता?"

नईम शेजारच्या मोहल्ल्यात हाजी फाखिरकडे गेला. मी मागोमाग. सरकारी वीज नसली की तो सगळा मोहल्ला हाजीच्या जनरेटरवर जगतो. नईमचं घरही तिथंच.

"म्हणजे सरकार माझ्या दारात उसनं मागायला आलं?" हाजी हसला. "बोला उस्ताद, किती अँपिअर देऊ?"

"सगळे. थोडा वेळ घरांची वीज बंद ठेवावी लागेल."

गच्चीवरून एक म्हातारी ओरडली, "नईम, तुझी आजारी आई पंख्याखाली पडलीय, विसरलास का रे?"

"माझा शब्द आहे, खाला. केंद्र चाललं की रात्रभर मोहल्ल्यात वीज."

केबल ओढली. मोहल्ल्यातले पंखे थांबले. दुसऱ्या खेपेला टर्बाइननं सूर धरला आणि आम्ही एकमेकांना मिठ्या मारल्या. तेवढा भार हाजीच्या जनरेटरला सोसला नव्हता. तो जळाला, हे नंतर कळलं.

नईमनं फोन लावला. "आता आमच्या मोहल्ल्याची लाइन जोडा."

"तुमची पाळी उद्या. ही वीज नदीकाठच्या बंगल्यांकडे चाललीय."

"मी लोकांना शब्द दिलाय."

"मला विचारून दिलास?"

मुख्य स्विच नईमच्या हाताशीच होता. तो त्याच्याकडे बघत राहिला. पण स्विच पाडून केंद्र बंद केलं तरी मोहल्ल्यात एकही दिवा लागणार नव्हता.

संध्याकाळी मागणी उतरली. केंद्र थांबवायचा हुकूम आला आणि लगेच आमचीही वीज तोडली. आम्ही पहार घेतली. तेवढ्यात हाजी आत आला. ओरडला नाही.

"हे कशाला फिरवता?"

"गरम असताना थांबला तर वाकतो," नईम म्हणाला. "मग पुन्हा चालणार नाही."

"आणि पुन्हा चालावं असं वाटतं तुला?"

नईमनं मान वर केली नाही. "आई कशी आहे?"

"ओल्या चादरीत गुंडाळून ठेवलीय. विचारत होती, नईमचं यंत्र चाललं का म्हणून."

हाजी निघून गेला. नईमनं पहार सोडली. एकट्यानं आस हलत नाही. मी त्याला काहीतरी म्हणायला हवं होतं. "अजून गरम आहे," एवढंच म्हणालो.

त्यानं पुन्हा हात लावला.