तेलावर मोजलेला अभ्यास

मित्रांनो, मी शिरपूरचा एक जुना कंदील आहे. माझ्या उजेडात अमुक साहेब झाला, तमुक डॉक्टर झाला, असं सांगणारे कंदील तुम्हाला पुष्कळ भेटतील. माझ्याकडे तसलं काही नाही. माझ्यामुळे एक मुलगी मॅट्रिकला बसू शकली नाही.

पत्रा ठोकून मला घडवलं. धान्याचे व्यापारी इंदरचंद शेटजी यांनी मला आणि माझ्या जोडीच्या कंदिलाला जळगावच्या बाजारातून आणलं. त्यांचा अभयकुमार आदल्या वर्षी नापास झालेला, म्हणून तो आणि धाकटी लाडकुंवर दोघंही एकाच वेळी अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्गात होते. जोडीदार त्याच्याकडे गेला, मी हिच्याकडे. पोरगी रोज राखेनं माझी काच घासायची. तेव्हा मी फार सुखात होतो.

शेटजी शाळेत फारसे गेलेले नव्हते. पण सारा जन्म मापं भरण्यात गेलेला! संध्याकाळी ते दोन्ही कंदिलांत सारखं रॉकेल भरत आणि सकाळी उरलेलं मापात ओतून बघत. ज्याचं जास्त जळलं, त्याचा अभ्यास जास्त.

अभयकुमारानं हे लगेच ओळखलं. तो वात चढवायचा आणि पुस्तकावर डोकं टेकून घोरायचा. सकाळी त्याचा कंदील कोरडा असे, आणि त्याला बदामाचं दूध मिळे. लाडकुंवर सकाळच्या उन्हात ओट्यावर वाचायची. जैनांचं घर, म्हणून सूर्य मावळायच्या आत सगळ्यांची जेवणं उरकून माझ्यापाशी बसायची, तीही वात अगदी खाली करून. समजलं की पुस्तक मिटायची आणि मला विझवायची. वाया घालवायचं नाही, हे त्याच घरानं तिला शिकवलं होतं.

"लाडकुंवर, तुना कंदीलमा तेल तसंच शे. अभ्यास कवय करस?" अभ्यास करतेस तरी कधी, असं शेटजी विचारत; गिऱ्हाइकांची अहिराणी ते घरातही बोलत.

"बापूजी, समजलं की विझवते. उगाच कशाला जाळायचं?"

"इतला तेलमा कोनी मॅट्रिक व्हस का?"

आई जतनबाई मध्ये पडल्या, पण शेटजींनी ऐकलं नाही. नापास होऊन नाव घालवण्यापेक्षा पोरगी घरी बरी, असं त्यांनी ठरवलं. मला तोंड असतं तर मी त्या जोडीदाराचं सारं बिंग फोडलं असतं.

बीजगणिताचा पेपर देऊन अभयकुमार आला आणि प्रश्नपत्रिका त्यानं कोपऱ्यात फेकली. लाडकुंवरनं ती उचलली. खडू घेऊन ती फरशीवर एकामागून एक गणितं सोडवत गेली. भाऊ बघतच राहिला.

"लाडी, तुला हे सगळं येतं?"

"हो, भाऊ."

तेवढ्यात शेटजी दुकानातून आले. त्यांनी फरशीकडे पाहिलं.

"दिन बुडाले उना. जेवाले वाढ."

तिनं ओलं फडकं आणलं आणि फरशी पुसून पाटपाणी मांडलं. ती रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

निकाल लागला. अभयकुमार पुन्हा नापास झाला. शेटजी म्हणाले, "रॉकेलच भेसळनं व्हतं."

लाडकुंवरला यावलला दिली आणि मला गोदामात टाकलं. काच पुसा, वात कापा, असलं काही मी तुमच्याकडे मागत नाही. मित्रांनो, घरात कोणी शिकत असेल तर त्याच्याजवळ घटकाभर बसा आणि आज काय समजलं, ते विचारा. लाडकुंवरला हे कोणीच विचारलं नाही. तिनं सगळं सांगितलं असतं.