दोनशे बाराव्या फ्रेमला

यशोधराने पायाने झोळीला झोका दिला आणि माउसवरचा हात काढून घेतला. लग्नाच्या कॅसेटचं टायटल दोनशे बाराव्या फ्रेमला थांबलं होतं. कमळाच्या पाकळ्या उघडून आत नव्या नवरीचा, प्रज्ञाचा चेहरा यायला हवा होता. आला तो मोनिकाचा. मुंडावळ्या, आणि खाली झुकलेले डोळे.

मोनिकाचं लग्न सत्त्याण्णवच्या मे महिन्यातलं. शूटिंग यशोधराच्या नवऱ्याने केलं, एडिटिंग तिने. तीन तासांच्या टेपमध्ये त्या मुलीने मान एकदाही वर केली नव्हती. टायटलला लावायला उघड्या डोळ्यांची एक फ्रेम यशोधराने दोन दिवस शोधली आणि शेवटी झुकलेलीच घेतली. सात महिन्यांनी मोनिका सासरच्या विहिरीत सापडली.

"परत तीच का?" कानिफनाथने विचारलं. तो नगरहून दुपारच्या एसटीने आलेला कॉम्प्युटरवाला. कॉम्प्युटरच्या पेटीचं झाकण काढून ठेवलेलं होतं. टेबल फॅनचा वारा निम्मा पेटीला, निम्मा झोळीतल्या बाळाला.

"चौथ्यांदा. तिची फाईल मी कधीच पुसली."

"पुसली म्हंजे नाव पुसलं, वहिनी. चित्र डिस्कवर तसंच पडून राहतं, वरून दुसरं लिहीस्तोवर. त्यात तुमची मेमरी सोळा एमबी. ह्या कामाला चौसष्ट तरी पाहिजे. जागा पुरली न्हाई की हे डबडं डिस्कवर चाचपत बसतं, हाताला लागंल ते वर काढतं." त्याने शर्टाच्या खिशावर थाप मारली. "नवी मेमरी बसवतो, डिस्क कोरी करतो. मग पुन्हा न्हाई यायची ती."

यशोधराने मान डोलावली. एका नवरीच्या कॅसेटमध्ये मेलेल्या नवरीचं तोंड निघालं असतं, तर शेवगावात त्यांना पुन्हा लग्नाची सुपारी मिळाली नसती. प्रज्ञाच्या घरचे संध्याकाळी कॅसेट न्यायला यायचे होते. तिने मोनिकाचा चेहरा बंद केला.

तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. हातात बाजाराची पिशवी, पण रिकामी.

"मी मनकर्णा. बोधेगावची. मोनिकाची आई."

यशोधरा उठली. कानिफनाथ पेटीत वाकून राहिला.

"फोटो, कॅसेट, समदं तिच्या सासरीच हुतं. मागाया गेल्ते, तर म्हनले जाळलं. तुमच्यापाशी हाय का एखादी?"

"नाही हो. त्या टेपवर नंतर दुसरी लग्नं घेतली."

मीठ संपलंय म्हणून दुकानदाराने सांगावं आणि गिऱ्हाइकाने ऐकावं, तशी बाईने मान हलवली. मग झोळीकडे पाहिलं.

"पोरगी व्हय?"

"हो. पाचवा महिना."

"बगू?" तिने झोळीत वाकून पाहिलं, हात मात्र लावला नाही. "आईवर गेली."

कानिफनाथने स्क्रू ड्रायव्हर उचलला. "मशीन बंद करतो, वहिनी."

"थांबा," यशोधरा म्हणाली. "दोनशेपासून एकदा चालवते."

"नको. येईलच असं न्हाई. आशा कशाला लावता?"

यशोधराने खुर्ची पडद्यासमोर सरकवली. "बसा, बाई. एका फ्रेमला मिनिट लागतं."

बाई बसली. पिशवी मांडीवर घेतली. दोनशे एक. दोनशे दोन. पाकळ्या तसूतसूने उघडत होत्या. दोनशे अकराला पेटीतली डिस्क करकरली आणि बाळ झोपेतच दचकलं.

दोनशे बारा.

चित्र वरून खाली, ओळीओळीने उमटू लागलं. केस. मुंडावळ्या. कपाळ. मग डोळे.

ते उघडे होते. सरळ समोर बघत होते.

मनकर्णाने काचेकडे नेलेला हात अलीकडेच थांबवला.

"लग्नात मान वर करू नगं, लोकं नावं ठेवतील, असं मीच सांगितलं हुतं तिला," ती म्हणाली. "येकदा तरी बगितलं म्हनायचं."

कानिफनाथने मेमरीची पुडी खिशातून अर्धी बाहेर काढली होती. ती त्याने परत आत ढकलली.

पेटी तापली होती. यशोधराने पंख्याचं तोंड पूर्ण तिच्याकडे वळवलं, आणि झोळीशी बसून पदराने बाळाला वारा घालू लागली.