रंगरावाच्या घरचं विरजण

१९ जानेवारी, सोमवार. सकाळी धुकं, दिवसभर गार वारा. दही लागायला वाईट हवा.

मी विरजण बोलतोय. मुक्काम दुसरबीड. माझा पहिला जन्म कुठल्या दुधात झाला, ते मलाही ठाऊक नाही. कोकिळाबाईंच्या वाटीत मी शेजारच्या रंगरावाच्या घरून आलो. कोकिळाबाईंचे यजमान कडूबा आणि रंगराव यांचा बांधावरून अबोला. पण बायका पदराआड वाटी नेतात-आणतात. बेत फिसकटला की माणसं 'विरजण पडलं' म्हणतात आणि जेवताना मलाच बोटं चाटून खातात. असो.

कडूबाची मयुरी बुलढाण्याला सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. त्या दिवशी ती घरी येऊन स्पर्धेचं भाषण पाठ करत होती. विषय जैविक युद्धाचा.

"जंतूंची जनुकं बदलून त्यांचं शस्त्र करता येतं. चमचाभर पुरतं. ते रातोरात वाढतं, घरोघर पसरतं, आणि एकदा सुटलं की परत बोलावता येत नाही."

कडूबाच्या हातातला घास थांबला. चमचाभर. रातोरात. घरोघर. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"हे इरजण कोणाच्या घरचं हाय?"

कोकिळाबाईंनी खरं ते सांगितलं.

"मंग बरोबर. आधी बांध कोरला, आता हे धाडलं."

मयुरीने परोपरीने समजावलं, की रंगरावकाकांना स्वतःच्या मोबाइलचं कुलूप उघडत नाही, ते जनुकं काय बदलणार?

"त्याचा जावई पुण्याले कंपनीत हाय," कडूबा म्हणाला आणि मला वाटीसकट उकळत्या पाण्यात सोडलं.

तिथला मी संपलो. पण गारठ्यात रंगरावाकडचं दही लागलं नव्हतं, म्हणून कोकिळाबाईंनी दुपारीच चमचाभर मला त्याच्या बायकोकडे, विमलबाईंकडे, परत दिलं होतं. हे बोलणं तिथून चाललंय.

कडूबा चुकला तो माझ्या बाबतीत. पोरीचं भाषण खरं होतं. मी कुणाचंही दूध विरजवतो, मला बांध दिसत नाही. आमच्यातल्या कुणाला तुम्ही मारायला शिकवलंत, तर त्यालाही दिसणार नाही. वैऱ्याच्या घरी सोडलेला तो पदराआडून तुमच्याच चुलीपाशी येईल. तेव्हा आम्हाला दुधातच राहू द्या, बाबांनो.

मंगळवारी कडूबाच्या घरचं दूध तसंच राहिलं. बुधवारी तो वाटी घेऊन रंगरावाच्या दारात उभा राहिला.

"इरजण हाय का?"

बायकांकडून रंगरावाला सगळं कळलेलं होतं.

"उकळाले पाह्यजे का लावाले?"

"लावाले," कडूबा म्हणाला.

मयुरीचा दुसरा नंबर आला. बांधाची मोजणी व्हायची आहे. गुरुवारी कडूबाच्या घरी दही लागलं.