शेवटची सोळा पानं

प्रेसचा डावा पाय आखूड आहे.

"पहिली ऐंशी पानं नुसते दागिने आणि वंशावळ. नंतर मात्र खाली ठेववेना." – एक शिंपी

मामाच्या चष्म्याची दांडी काळ्या दोऱ्याने बांधलेली आहे.

"सेनापती दर तीन पानांनी सुस्कारा टाकतो. लढतो कधी?" – निवृत्त शिक्षिका

राजकन्या नावेत बसते. मागे वळून बघत नाही.

"शेवट जबरदस्त! बाईने जावं तर असं." – नर्स

"शेवट वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही." – सेनापतीच्या बाजूचा एक

*

मी पुस्तकं बांधते. ग्रंथालयातली खिळखिळी पुस्तकं माझ्याकडे येतात आणि नव्याने शिवून, नवा पुठ्ठा चढवून परत जातात. वरचे अभिप्राय एका जुन्या ऐतिहासिक प्रेमकादंबरीच्या मागे चिकटवलेल्या कागदावरचे. ग्रंथालयाची तशी पद्धतच आहे: पुस्तक वाचा, दोन ओळी लिहा. ही कादंबरी अकरा वर्षांपूर्वी मीच बांधली होती.

मामाने ती माझ्या टेबलावर आपटली.

"घे. ही तुमची राजकन्या!"

मामा घड्याळं दुरुस्त करतो. वय अठ्ठावन्न, बिनलग्नाचा. दीड महिन्यापूर्वी त्याने शेजारी चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या बाईंना मागणी घातली, एवढं मला ठाऊक होतं. पुढचं त्याने आज सांगितलं.

"म्हणाल्या, असलं मला तोंडाने सांगता येत नाही. माझी लहानपणापासूनची आवडती कादंबरी वाचा. शेवटी राजकन्या करते, तेच माझं उत्तर. वाचली की! चारशे पानं, आणि तीही या चष्म्याने!"

"मग?"

"मग काय? बसली नावेत, गेली निघून. सरळ नाही म्हणाल्या असत्या, तर मी काय तिथे लोळण घेणार होतो?"

मामाचं दुकान, मग बाईंचं, मग माझं. तेवढी बारा पावलं टाळायला तो महिनाभर मागच्या गल्लीने वळसा घालून येत होता. दांडी तुटली तरी बाईंच्या दारात गेला नाही.

मी पुस्तक चाळलं. चारशेव्या पानावर प्रकरण संपत होतं, खाली व्यवस्थित पूर्णविराम. सहज अनुक्रमणिका उघडली. कादंबरीची अनुक्रमणिका कोण बघतं? शेवटचं प्रकरण: पान चारशे एक.

चारशे एकावं पानच नव्हतं.

पुस्तक सोळा-सोळा पानांच्या घड्यांचं बनतं. त्या घडीला आम्ही फॉर्मा म्हणतो. शेवटचा फॉर्मा नव्हता. अकरा वर्षं लोक अर्ध्या शेवटावर भांडत होते.

मी पुठ्ठे दाबायच्या लोखंडी प्रेसकडे बघितलं. त्याच्या आखूड पायाकडे. पायाखालच्या, कधीकाळी रद्दी समजून सारलेल्या त्या घडीकडे.

"मामा, प्रेस उचल जरा."

"माझी कंबर..."

"उचल म्हणते ना!"

घडीवर पायाचा चौकोनी वळ उमटला होता, पण अक्षर न् अक्षर शाबूत. मामाने उभ्या-उभ्या वाचलं. नाव नदीच्या मध्यावर पोचते. राजकन्या नावाड्याला म्हणते, "वळव." तो विचारतो, "काही राहिलं का?" ती म्हणते, "माणूस राहिला."

मामाचे कान लाल झाले.

"गाढवे! माझं लग्न पायाखाली घालून ठेवलंस!"

"ग्रंथपाल आता माझं काम काढून घेतील रे."

"ते तुझं तू बघ."

सोळा पानं छातीशी धरून तो निघाला. पुढच्या रस्त्याने. मी दारात जाऊन कान टवकारले.

बाईंचा आवाज आला, "महिनाभर होतात कुठे?"

"प्रेसच्या पायाखाली."

पानं उलटल्याचा आवाज आला. मग बाई इतक्या हसल्या, की रस्त्यापलीकडचा न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला.

*

फॉर्मा शिवला. ग्रंथपालांना खरं ते सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला, मग मागे नवा कोरा कागद चिकटवायला लावला आणि सगळ्या जुन्या वाचकांना निरोप धाडले.

"दोन घास जास्तच गेले." – सेनापतीच्या बाजूचा तोच

"आधीचा शेवट परत द्या." – नर्स

"पानं मोजून घ्यावीत." – घड्याळजी

प्रेस पुन्हा डगमगतो. सध्या त्याखाली लाकडाची चकती आहे. फक्त लाकडाची, दोनदा तपासलंय.

मामाला कादंबरी वाचायला सांगितली, त्याच संध्याकाळी बाईंनी दुकानात दुसरी खुर्ची आणून ठेवली होती.