टेकडीसमोरची भिंत

कलेचं काही नव्हतं तोवर आमच्या गावाचं बरं चाललं होतं. मग कलामंडळ निघालं. सिमेंट-सळयांचा दुकानदार अध्यक्ष झाला, कारण सभेला लागणाऱ्या खुर्च्या त्याच्याकडे होत्या. मी चिटणीस झालो, कारण उरलेल्यांना लिहायचा कंटाळा.

गावात खरोखर चित्र काढणारं माणूस एकच, माझी आत्या. जन्मभर शिवणयंत्र चालवून तिचे गुडघे गेले होते. घरापासून सभागृहाच्या ओसरीपर्यंत जेमतेम साठ पावलं, एवढंच तिचं जग उरलं होतं. रोज सकाळी तिथल्या बाकावर बसून ती समोरची टेकडी काढायची. सात वर्षं तीच एक बुटकी टेकडी. "कंटाळा नाही येत?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "तिला येत नाही, मग मला का यावा?"

मंडळाला अर्थातच आत्या सुचली नाही. पिकतं तिथे विकत नाही.

पहिल्याच सभेत ठरलं की पाहुण्यांना आपलं निसर्गसौंदर्य दिसलं पाहिजे, तेव्हा टेकडीचं भव्य चित्र रंगवायचं. चित्राला भिंत हवी. भिंत कुठे, तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, म्हणजे ओसरीपुढे. अध्यक्षांनी सिमेंट देऊ केलं. थोडं ओल लागलेलं होतं, पण कलेला चालतं म्हणाले. ठराव लिहिताना मला आत्या आठवली होती, हे कबूल करतो. पण सगळ्यांच्या माना डोलत होत्या, त्यात माझीही डोलली.

आठ दिवसांत भिंत उभी राहिली आणि टेकडी गेली. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्याने भिंतीवर नवी टेकडी काढली. पाटीवरच्या अक्षरांना तो उजवीकडून काळी सावली देतो, तशी त्याने टेकडीलाही दिली.

आत्या आली, बसली, बराच वेळ भिंतीकडे बघत राहिली. रंगांची पेटी तिने उघडलीच नाही.

"अरे, सभेत तू होतास ना?" तिने विचारलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या सभेत मी जन्मात पहिल्यांदा भांडलो. "टेकडी बघायला आलेल्या माणसाला टेकडीच दिसत नाही," मी म्हणालो.

मग अध्यक्ष म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे. भिंतीला खिडकी पाडू. प्रेक्षणस्थळ होईल."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, जिंकलो होतो ना.

आता खिडकी किती उंचीवर? फोटोत अध्यक्षांचा चेहरा चौकटीत यायला हवा होता. म्हणून सहा फुटी अध्यक्षांना भिंतीला टेकून उभं केलं आणि त्यांच्या छातीपाशी खिडकीच्या खालच्या कडेसाठी खडूची रेघ मारली. टेपचं खालचं टोक मी धरलं होतं.

फीत कापली. रांग लागली. जो तो खिडकीतून डोकावून म्हणे, "वा, अगदी चित्रासारखी." मी आत्याला हाताला धरून आणलं आणि बाकावर बसवलं.

"दिसते ना?"

ती मान तिरकी करून बघत राहिली. मी शेजारी टेकलो तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खिडकीत नुसतं आभाळ होतं. टेकडी होती, पण उभं राहणाऱ्यांसाठी.

"बाक उंच करून घेऊ," मी म्हणालो.

"आणि मला वर कोण चढवणार? तुझं मंडळ?"

तेवढ्यात अध्यक्ष आले. "काय आत्याबाई, आता काढा मनसोक्त. खास तुमच्यासाठी पाडलीय."

आत्याने पेटी उघडली. कागदावर एक चौकोन आखला, त्यात सगळीकडे सारखा निळा रंग भरला आणि कागद अध्यक्षांपुढे धरला.

"ही घ्या तुमची टेकडी."

अध्यक्षांनी कागद आधी लांब धरला, मग जवळ धरला. "हुबेहूब," ते म्हणाले, आणि मंडळाने टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवसापासून आत्या ओसरीवर आली नाही.