फळ्यावरचं पॅनेल

बाई शाळेत वीजकाम शिकवायच्या. त्याआधी अकरा वर्षं त्यांनी कारखान्यात वायरमनचं काम केलेलं, त्यामुळे मुलांना त्यांचा धाक होता आणि भरवसाही. गेल्या वर्षी शाळेनं गावाबाहेरच्या कॉलेजशी करार केला. शाळेत वीजकामाचे बाराही घटक पुरे करणाऱ्यांना कॉलेजात पहिलं सत्र माफ. तेवढी क्रेडिट आधीच पदरात, मुलं थेट दुसऱ्या सत्रात. अट एकच, प्रत्येक घटकापुढे बाईंची सही हवी.

नववा घटक वीजपुरवठा तोडण्याचा होता. अंगावरचं धातूचं सगळं काढायचं, स्विच बंद करायचा, कुणी चुकून चालू करू नये म्हणून त्याला कुलूप घालायचं, टेस्टरनं तपासायचं आणि मगच हात घालायचा. पण शाळेतलं सरावाचं पॅनेल जळून दीड वर्ष झालं होतं. बाईंनी दोन अर्ज दिले, नवं काही येईना. शेवटी त्यांनी फळ्यावर खडूनं पॅनेल काढलं आणि एकेकाला समोर उभं करून हवेत हात हलवायला लावले. मुलं खिदळत होती. बाईंनाही हसू आलं होतं.

"एका घटकापायी सात जणांचं कशाला अडवता?" मुख्याध्यापक म्हणाले. "करून टाका सही."

बाईंनी केली. प्रात्यक्षिक पूर्ण, असं लिहून केली. त्या सातांत त्यांची भाचीही होती, थोरल्या भावाची मुलगी.

कॉलेज सुरू झालं त्या मंगळवारी, दुसरा तास संपवून बाई शिक्षकांच्या खोलीत आल्या आणि त्यांनी फोन पाहिला. भाचीचा निरोप होता: "आत्या, पहिल्याच दिवशी खरं पॅनेल! तीन फेजचं! हात नुसते शिवशिवतायत." सोबत फोटो. पॅनेलचं दार उघडं, त्यावर भाचीचा हात, मनगटावर धातूच्या पट्ट्याचं घड्याळ.

बाईंनी फोटो मोठा करून पाहिला. घड्याळच होतं.

कारखान्यात एकदा एका फिटरचा पाना चालू पॅनेलात निसटला होता. पत्रा आपटावा तसा आवाज झाला होता, आणि नंतर तो माणूस आपल्याच हातांकडे नवल वाटल्यासारखा बघत उभा होता. जळक्या कातडीचा तो वास बाईंच्या नाकातून पुढे कितीतरी महिने गेला नव्हता.

त्यांनी भाचीला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा तर तो बंदच लागला. मग कॉलेजच्या कार्यालयात लावला.

"वर्कशॉपमध्ये फोन नाही," तिथला कारकून म्हणाला. "मधल्या सुट्टीत निरोप देतो. काय सांगू?"

हाच क्षण होता. 'काम थांबवा, त्या मुलांना हे येत नाही' एवढंच बोलायचं होतं. पण त्या सहीचं काय, हा प्रश्न आधी घशात आला, आणि बाईंच्या तोंडून भलतंच निघालं.

"काही नाही. घरचंच आहे."

त्यांनी फोन ठेवला. आपण आत्ता काय केलं? पुन्हा लावला, तर तो व्यस्त. पर्स तिथेच टाकून, नुसती किल्ली घेऊन त्या जिना उतरल्या.

"बाई, तिसरा तास?" शिपाई मागून ओरडला. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

स्कूटरवरून कॉलेज वीस मिनिटांवर. वाटेतल्या तिन्ही सिग्नलना त्यांना थांबावं लागलं. दुसऱ्या सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यानं विचारलं, "ताई, बरं वाटत नाही का?" तेव्हा त्यांना कळलं की आपण मोठ्यानं बोलतोय. घड्याळ काढ, घड्याळ काढ, असं म्हणतोय.

कॉलेजच्या फाटकातून आत शिरताच वर्कशॉपच्या बाजूनं धाडकन आवाज आला. पत्रा आपटल्यासारखा. बाईंनी स्कूटर स्टँडवर लावलीच नाही. ती मागे आडवी पडली आणि त्या धावत सुटल्या. शेडच्या कोपऱ्यावर दोन मुलं खरोखरच जमिनीवर पडलेला एक पत्रा उचलत होती. "लागलं नाही ना रे?" एक दुसऱ्याला विचारत होता.

बाईंनी शेडचं दार गाठलं.

शेडमध्ये चार पॅनेलं होती. टक्कल पडलेले, धिप्पाड इन्स्ट्रक्टर पलीकडच्या टोकाला, पाठमोरे, कुणाला तरी समजावत होते. अलीकडच्या पॅनेलसमोर भाची उभी होती. खालचा मोठा स्विच तिनं बंद केलेला दिसत होता. कुलूप मात्र तिथेच टेबलावर पडलं होतं. घड्याळ मनगटावर होतं. आणि पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला एक बारका हिरवा दिवा जळत होता.

म्हणजे आत अजून वीज होती. दुसरीकडून येणारी. फळ्यावर बाईंनी एकच पुरवठा काढला होता.

भाचीनं पेचकस उचलला.

बाईंनी ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आता हाक मारली तर पोर दचकेल, आणि दचकली की हात आतच जाईल. मध्ये पंधरा पावलं होती. पळत गेलं तर पावलांचा आवाज होईल. त्या चौकट धरून उभ्या राहिल्या. भाचीचा हात पुढे गेला, पेचकसाचं टोक तारांच्या अगदी जवळ आलं, आणि थांबलं. पोरगी त्या हिरव्या दिव्याकडे बघत होती.

मग तिनं हात मागे घेतला, दोन्ही हात पाठीशी बांधले आणि बारीक आवाजात म्हणाली, "सर, मला हे येत नाही."

इन्स्ट्रक्टर वळले. "येत नाही म्हणजे? तुझा नववा घटक झालाय."

"फळ्यावर झालाय, सर. आमचं सगळ्यांचंच."

उरलेल्या सहा जणांतल्या एकानं हातातला टेस्टर हळूच टेबलावर ठेवला. इन्स्ट्रक्टर भिंतीपाशी गेले आणि त्यांनी सगळ्या शेडची वीज बंद केली. मग तिथेच पाठ टेकून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता.

बाईंना अजून कुणी पाहिलं नव्हतं. मागच्या मागे निघून जाता आलं असतं, आणि क्षणभर त्यांना तसं वाटलंही. पण पाय आतच वळले.

"खरं बोलतेय ती," बाई म्हणाल्या. "सही माझी आहे. यांच्यातल्या कुणीच खऱ्या पॅनेलला हात लावलेला नाही."

"आत्या?" भाची म्हणाली. तिचं तोंड उघडंच राहिलं.

"घड्याळ काढ आधी," बाई म्हणाल्या.

पुढचे आठ दिवस वाईट गेले. सातही जणांची क्रेडिट कॉलेजनं रोखून धरली. दोघांचे पालक शाळेत येऊन नाही नाही ते बोलून गेले. मुख्याध्यापकांना आपण काय म्हणालो होतो ते आठवेना. भावाचा फोन आला.

"तू स्वतःच्या भाचीला असं धोक्यात ढकललंस?"

"हो, दादा."

त्यानं फोन ठेवला.

इन्स्ट्रक्टर मात्र एका दुपारी शाळेत आले. जळकं पॅनेल त्यांनी वाकून पाहिलं.

"करार करताना आम्ही तुमचा अभ्यासक्रम आमच्या अभ्यासक्रमाशेजारी ठेवला," ते म्हणाले. "ओळीला ओळ जुळली. इथं येऊन बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही." मग म्हणाले, "त्या दिवशी मी पाठमोरा होतो, बाई. मला झोप लागत नाही."

"मलाही नाही," बाई म्हणाल्या.

दोघांनी मिळून कॉलेजला लिहिलं. बाकीच्या अकरा घटकांची परीक्षा कॉलेजनं घेतली आणि ती क्रेडिट दिली. नववा घटक मुलांनी शनिवारी कॉलेजच्या शेडमध्ये येऊन करायचा, तोवर पॅनेलला हात लावायचा नाही, असं ठरलं. एका मुलानं मात्र कॉलेज सोडलं ते सोडलंच. बाईंनी त्याच्या घरी दोन खेपा घातल्या, दार त्याच्या आईनं उघडलं आणि लोटून घेतलं.

पहिल्या शनिवारी इन्स्ट्रक्टर म्हणाले, "आधी तुम्ही करून दाखवा." बाईंनी कारखाना सोडून नऊ वर्षं झाली होती. बांगड्या काढताना त्यांच्या हाताला घाम फुटला. दोन्ही पुरवठे तोडले, दोन्हीकडे कुलूप घातलं, तरी टेस्टर पुढे नेताना त्या दोनदा थांबल्या. पोरं बघत होती. बाईंनी भीती लपवली नाही.

मग एकेक मूल पुढे आलं. भाचीचा नंबर शेवटचा होता. तिनं सगळं नीट केलं, पण दुसरं कुलूप घालायला विसरली. बाईंनी कागदावर तिच्या नावापुढे 'नाही' लिहिलं.

"अगं आत्या, एकच तर चुकलं!"

"पुढच्या शनिवारी ये," बाई म्हणाल्या.

भाची फुरंगटून हातमोजे काढायला लागली. बाईंनी उठून ते दुसरं कुलूप स्वतः लावलं आणि ओढून पाहिलं.