मागच्या सीटखालची तार

“दाब बटण,” मागच्या सीटच्या पाठीमागं अर्धं अंग घालून पडलेल्या बिरूनं सांगितलं.

ड्रायव्हर रामकिसननं बटण दाबलं. पंपाची मोटर घुमली आणि त्या लांबलचक अमेरिकन गाडीचं कापडी टप कुरकुरत उचललं गेलं, मागं सरकलं, घडी घालून बसलं. पुन्हा बटण दाबल्यावर तसंच निमूट पुढं आलं. सकाळपासूनची ही अठरावी खेप होती. एकदाही अडलं नव्हतं.

“बघा बिरूभाऊ,” रामकिसन म्हणाला, “तुमच्यासमोर कसं गुणाचं लेकरू! अन् मालक बसले की मधीच अडतंय. ना इकडं, ना तिकडं.”

बिरू बाहेर आला. अंगावरची धूळ झटकत त्यानं गाडीकडं बघितलं. मोडलेली वस्तू दुरुस्त करणं सोपं असतं. मनात येईल तेव्हा मोडणारी अवघड.

पडेगावच्या रस्त्यावर पत्र्याच्या शेडमध्ये बिरू गाड्यांचं वायरिंग करायचा. शेडची जागा आप्पासाहेबांची. बिरूचा बाप सोनाजी दर हिवाळ्यात पाचोडला आप्पासाहेबांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचा. त्या ओळखीवर बिरू शहरात आला, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लागला, आणि तो कारखाना बंद पडल्यावर आप्पासाहेबांनीच त्याला ही जागा दिली. ही गाडीही त्यांचीच. त्यांच्या वडिलांनी हैदराबादच्या एका नवाबाकडून घेतलेली. तिला बाहेरच्या कुणाचा हात लागायचा नाही. यंदा पहिल्यांदाच ती बिरूकडं आली होती आणि त्या गोष्टीचा त्याला मनातून अभिमान वाटत होता.

दुपारी धोंडिबा सायकलवरून आला. तोही त्याच बंद पडलेल्या कारखान्यातला. करंट कुठून निघतो आणि कुठं परत जातो हे बिरूला त्यानंच शिकवलं होतं. अठ्ठ्याहत्तर साली नामांतरावरून गावंच्या गावं पेटली, तेव्हा धोंडिबाचं गावाकडचं घर जळालं. त्याची बायको-पोरं पावसाळ्याचे दोन महिने बिरूच्या एका खोलीत राहिली होती. आप्पासाहेब त्या वेळी विरोधाच्या सभांना पुढच्या खुर्चीवर असायचे. पण आता चौऱ्याण्णव साल होतं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागून तीन महिने झाले होते. वाळूजला कारखान्यांवर कारखाने उभे राहत होते, आप्पासाहेब तिथं कामगार पुरवत होते आणि त्यांना निवडणुकीला उभं राहायचं होतं. धोंडिबाच्या वस्तीत जाऊन त्यांनी स्वतः माईकवर सांगितलं होतं, की नाव लागल्यानंतरची ही पहिली जयंती आहे, बाबासाहेबांची तसबीर माझ्या उघड्या गाडीतून निघेल.

धोंडिबानं गाडीभोवती एक चक्कर मारली. हात लावला नाही.

“बिरू, खरं सांग. येईल का ही?”

“मालकानं माईकवर सांगितलंय की, दादा.”

“मालकाचं राहू दे. लई माईक ऐकलेत आपण. तू सांग.”

बिरूनं क्षणभर टपाकडं बघितलं. “येईल. चौदा तारखेला, चार वाजता. उघड्या टपानं.”

“मंग मी वस्तीत सांगतो,” धोंडिबा म्हणाला आणि सायकलवर बसला.

संध्याकाळी आप्पासाहेब आले. खुर्चीवर बसून त्यांनी पाणी मागितलं. इतकं मऊ बोलताना बिरूनं त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

“जिवाला लावून घेऊ नको, बिरू. जुनी गाडी हाय. नाय जमलं तरी तुला कोण बोल लावणार नाय. मी हाय ना.”

त्या शब्दांनी बिरूला भरून आलं. आपला बाप असता तर असाच बोलला असता, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं फ्यूज बदलला, बटण उघडून साफ केलं, पंपातलं तेल बघितलं. सगळं ठीक. टप पन्नास वेळा उघडलं, पन्नास वेळा मिटलं. त्याची बायको बानाबाई डबा घेऊन आली तेव्हा तो मडगार्डवर डोकं टेकून बसला होता.

“अवो, जेवा आधी. गाडी काय पळून जातीय व्हय?” ती म्हणाली. मग जरा लाजत म्हणाली, “मी बसून बघू का एकदा आत?”

“बस की. कोण बघतंय!”

चपला काढून, पदर सावरून बानाबाई मागच्या सीटवर बसली. बिरूनं तिला खूश करायला बटण दाबलं. टप तिच्या डोक्यावर आभाळात निम्मं उचललं गेलं, ते बघायला ती मागं रेलून नीट टेकली आणि टप थांबलं.

“मी काय नाय केलं,” बानाबाई घाबरून उठली. टप मागं सरकू लागलं.

बिरू हलला नाही. “बस परत.”

ती बसली. टप थांबलं.

“ऊठ.”

ती उठली. टप चालू झालं.

बिरूनं टेस्टिंगचा दिवा पंपाच्या तारेला जोडला. बानाबाई उठली की दिवा लागायचा, बसली की विझायचा. सीट काढल्यावर उत्तर समोरच होतं. पंपाकडं जाणारी तार सीटच्या स्प्रिंगखालून गेलेली. स्प्रिंगनं वर्षानुवर्षं दाबून ती आतल्या आत तुटली होती, वरचं रबर तेवढं शाबूत. सीट रिकामी असली की तुटकी टोकं एकमेकांना टेकायची, वजन पडलं की सुटायची. सीट रिकामी ठेवून तो तपासत राहिला असता, तर त्याला कधी सापडलंच नसतं.

“तुझ्यामुळं सापडलं,” तो म्हणाला.

“माझ्या वजनामुळं म्हणा,” बानाबाई म्हणाली. किती दिवसांनी दोघं हसली.

त्यानं नवी तार टाकली, स्प्रिंगपासून दूर, कडेच्या पट्टीला बांधून. मग बंगल्यावर गाडी पोचवायला तो स्वतः गेला. बिघाड सापडल्याचं सांगताना त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता.

“सापडलं?” आप्पासाहेबांनी विचारलं. मग म्हणाले, “शाबास.” गाडी बघायला मात्र ते पायऱ्या उतरून खाली आले नाहीत.

चौदा एप्रिलला दुपारी तीन वाजता धुतलेला शर्ट घालून बिरू बंगल्यावर गेला. ओसरीवर आप्पासाहेबांचे गावाकडचे चार भाऊबंद बसले होते. त्यातले सर्जेराव त्याला बघून बोलायचे थांबले. गाडी अंगणात उभी होती. रामकिसन बटण दाबत होता आणि टप जागचं हलत नव्हतं.

“परत बिघडलं, बिरूभाऊ,” तो खाली बघत म्हणाला.

बिरूनं सीट काढली. त्याची नवी तार मधोमध दोन झाली होती. तुटलेली तार पिंजते, काळी पडते. ही दोन्ही टोकं सरळ होती आणि तांबं सोन्यासारखं चकाकत होतं. पक्कड चालवली होती कुणीतरी, आजच.

“रामकिसन,” तो हळूच म्हणाला, “ही कुणी कापली?”

रामकिसननं बटणावरचा हात काढून घेतला.

“तू?”

“मी नोकर माणूस, भाऊ.” रामकिसन म्हणाला. “मालकाला वस्तीला नाय म्हणता येईना अन् भाऊबंदाला गाडी देतो म्हणता येईना. मला म्हणले, गाडी बिरूकडं टाक. त्याला काय सापडत नाय. मंग जमलं नाय म्हणून सांगता येईल. तुमाला सापडलं, भाऊ. तुमाला सापडायलाच नको व्हतं.”

बिरू सीटच्या कडेला बसून राहिला. कुणाचा हात न लागू दिलेली गाडी यंदाच आपल्याकडं का आली, ते मऊ बोलणं कशासाठी होतं, सगळं एका तारेत ओवल्यासारखं त्याला दिसलं. आप्पासाहेबांनी त्याच्या हातावर विश्वास टाकला होता खरा. त्या हातांना काही येत नाही, हा विश्वास.

त्यानं टोकं सोलली, पीळ दिला, पट्टी गुंडाळली. पाच मिनिटं लागली.

“मागं बस,” त्यानं रामकिसनला सांगितलं.

“भाऊ, मालक...”

“बस.”

रामकिसन बसला. बिरूनं बटण दाबलं. टप उचललं गेलं आणि सगळ्या ओसरीदेखत न अडता मागं जाऊन घडी घालून बसलं. आप्पासाहेब पायऱ्या उतरून आले. आवाज अजूनही मऊच होता.

“बिरू, टप लावून घे. वस्तीत जा, अन् सांग त्यांना, जमलं नाय म्हणून.”

“जमलंय की, मालक.”

“मी म्हणतो ना. भाऊबंदांत राहायचंय मला. तुझं काय जातंय दोन शब्द बोलायला?”

“गाडी तुमची हाय. द्या, नका देऊ,” बिरू म्हणाला. “पण मला जमलं नाय, असं मी सांगणार नाय.”

“अन् शेड कुणाची हाय?”

“ती बी तुमचीच.”

त्यानं टप परत लावलं, किल्ली रामकिसनच्या हातात दिली आणि तो फाटकाबाहेर पडला.

वस्तीत पोचायला त्याला पाऊण तास लागला. निळे झेंडे, पताका, नवी लुगडी नेसलेल्या बाया. सगळे रस्त्याच्या वळणाकडं बघत उभे होते. वळणावरून एकटा बिरू आला. ताशा आपोआप थांबला.

“गाडी चांगली हाय,” तो धोंडिबाला म्हणाला. “टप उघडतंय. पण ते देणार नायत. मुद्दाम तार कापली व्हती. मला आत्ता कळलं, दादा.”

धोंडिबा रागावला असता तर बरं झालं असतं.

“त्यांचं मला नवल नाय,” तो म्हणाला. “त्यांचा शब्द आमी घेतलाच नव्हता, बिरू. वस्तीत मी तुझा शब्द सांगितला व्हता.”



वस्तीतल्या मुक्ताबाईनं भाजीची हातगाडी धुऊन आणली. बायांनी तिच्यावर पांढरी चादर अंथरली, तसबीर ठेवली, झेंडूचे हार सोडले. ताशा पुन्हा वाजू लागला. गर्दी हलली. मिरवणुकीत ये असं बिरूला कुणी म्हटलं नाही, जा असंही नाही. रस्त्याच्या चढाला हातगाडी अडखळली, तेव्हा तो गर्दीतून पुढं गेला आणि त्यानं मागून खांदा लावला. शेजारी धोंडिबा ढकलत होता. चढ संपेपर्यंत दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. त्यानंतरही फारसे कधी बोलले नाहीत.

शेड आठ दिवसांत रिकामी करावी लागली. बिरू मुकुंदवाडीला रस्त्याच्या कडेला, कडुनिंबाखाली बसू लागला. आप्पासाहेब पुढच्या वर्षी निवडून आले. शहरातल्या मिस्त्रींमध्ये, ड्रायव्हरांमध्ये, चहाच्या टपऱ्यांवर एकच गोष्ट पसरली होती, की बिरूनं गाडीची वाट लावली, ऐन जयंतीला वस्तीची फजिती केली. पहिलं वर्षभर तो प्रत्येकाला खरं काय ते सांगत होता. मग सांगायचा थांबला.

एकदा भर दुपारी एक जीप येऊन उभी राहिली. आतला माणूस खाली उतरला आणि त्याच्याकडं निरखून बघत म्हणाला, “आप्पासाहेबांच्या गाडीचं टप ज्याला जमलं नाय, तो बिरू मिस्त्री तुमीच का?”

बानाबाईनं डब्यावरून मान वर केली.

“मी बिरू,” तो म्हणाला. हात फडक्याला पुसून त्यानं जीपचं बॉनेट उचललं. “काय व्हतंय, ते सांगा.”